बायपास झालेले बाबा घरी आल्यावर

प्रश्न इचलकरंजीहून आलाय. वडील ६८ वर्षांचे, जुना मधुमेह. बायपास होऊन नववा दिवस, परवा घरी आणलंय. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, संडास भारतीय पद्धतीचा. बाबा नीट जेवत नाहीत, आईवर खेकसतात, दिवसभर पडून असतात आणि रात्री जागतात. आई त्यांना पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाही. बघायला येणाऱ्यांची रीघ लागलीय. मुलाची रजा संपत आलीय, पुण्याला परत जायचंय. आईला एकटीला हे जमेल का, आणि नेमकं काय करायचं, असं त्याने विचारलंय.

माझी नोकरीची बहुतेक वर्षं हृदयशस्त्रक्रियेच्या वॉर्डात गेली. आता मिरज-सांगली भागात घरोघरी जाऊन असे पेशंट बघते, त्यामुळे तुमच्या घरातलं चित्र मला न बघताही दिसतंय. आईंना जमेल. फक्त आत्ता त्या जे करताहेत त्यातलं निम्मं बंद करावं लागेल.

आधी एक गोष्ट सगळ्या घराने समजून घ्या. बाबांच्या हृदयाचं काम झालंय. रक्त नव्या वाटेने जायला लागलंय, आणि ते हृदय आता पाण्याच्या पेल्याने थकणार नाही. नाजूक आहे ते छातीच्या मधलं हाड. ऑपरेशनच्या वेळी ते उभं कापतात आणि शेवटी चिरलेली फळी तारेने आवळून बांधावी तसं स्टीलच्या तारांनी बांधतात. ते सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि पुरतं घट्ट व्हायला साधारण तीन महिने. म्हणजे जपायचं ते हाड. बाकीच्या शरीराला आणि फुप्फुसांना जितकं लवकर कामाला लावाल तितकं चांगलं. आपल्याकडे होतं उलटंच. माणसाला दिवसभर झोपवून ठेवतात, आणि उठवताना मात्र दोन्ही हात धरून ओढून उठवतात.

तर उठवण्यापासूनच सुरुवात करू, कारण हे दिवसातून दहा-पंधरा वेळा होणार आहे. बाबा पाठीवर झोपलेत. त्यांना छोटी उशी छातीशी कवटाळायला सांगा. गुडघे वाकवायचे, मग खांदा आणि कंबर एकदम फिरवून अख्खं अंग कुशीवर घ्यायचं. पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडायचे. पाय खाली जातात तसं धड आपसूक वर यायला लागतं. तेवढ्यात आईंनी त्यांच्या पाठीमागे, दोन्ही खांद्यांच्या मधे तळहात ठेवून आधार द्यायचा. काखेत हात घालायचा नाही, मनगट धरून ओढायचं नाही. बसल्यावर मिनिटभर तसंच बसू द्या. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतात, पटकन उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. उभं राहतानाही जोर मांड्यांवर घ्यायचा, हातांवर नाही. पलंग बुटका असेल तर चारही पायांखाली पक्के लाकडी ठोकळे घाला. बसल्यावर गुडघ्यापेक्षा कंबर थोडी वर राहिली की उठणं सोपं जातं. जमिनीवर मांडी घालून जेवायला बसणं सध्या बंद, कारण तिथून उठताना हात टेकावेच लागतात.

हातांबद्दल फार भीती घालू नका. कोपरं बरगड्यांना लागून असतील तर छातीवर ताण कमी येतो. स्वतःच्या हाताने जेवणं, दात घासणं, केस विंचरणं, पेला उचलणं हे सगळं त्यांनीच करायचं. दोन्ही हात एकदम, सावकाश वर नेणं चालतं आणि करायलाही हवं, नाहीतर महिन्याभराने खांदा आखडल्याची तक्रार सुरू होते. बंद काय, तर दोन किलोच्या वरचं काहीही उचलणं: भरलेली बादली, कुकर, नातू. विशेषतः नातू. तो धावत येतो आणि आजोबांचे हात आपोआप पुढे होतात. आधी आजोबांना खुर्चीत बसवा, मग नातवाला शेजारी बसवा. एका हाताने जड दार ओढणं, अडकलेली खिडकी ढकलणं, घट्ट झाकण पिळणं हेही नको. डोक्यातून घालायच्या बनियनऐवजी पुढे बटणं असलेला जुना शर्ट घाला.

खोकताना किंवा शिंकताना तीच उशी छातीशी घट्ट दाबून धरायची. बाबा खोकला दाबत असतील, बहुतेक सगळेच दाबतात, कारण दुखतं. पण कफ आत राहिला तर न्यूमोनियाचं निमंत्रण. म्हणून दुखणं कमी करायची गोळी "सहन होतंय" म्हणून चुकवू नका. पहिले दोन-तीन आठवडे ती लिहून दिलेल्या वेळेला द्या, आणि चालण्याच्या किंवा श्वासाच्या व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी तिची वेळ आली तर उत्तम. मात्र मेडिकलमधून मनाने आणलेलं डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अजिबात नको. बायपासनंतर त्या गटातल्या गोळ्या हृदयाला आणि किडनीला धोक्याच्या.

हॉस्पिटलने श्वासाच्या व्यायामासाठी तीन रंगीत गोळ्यांचं प्लॅस्टिकचं यंत्र दिलं असेल. मी ज्या घरी जाते तिथे ते हमखास टीव्हीवर ठेवलेलं असतं, आणि वापरत असतील तर त्यात फुंकत असतात. फुंकायचं नाही, ओढायचं. ओठ घट्ट मिटून सावकाश श्वास आत ओढायचा, पहिली गोळी वर जाऊन दोन-तीन सेकंद तरंगली पाहिजे. जोरात हिसका देऊन तिन्ही गोळ्या एकदम उडवण्यात फायदा नाही. जागे असताना दर तासाला दहा वेळा, मधेमधे थांबून.

चालणं हेच सध्या सगळ्यात मोठं औषध. या आठवड्यात घरातल्या घरात पाच-पाच मिनिटं, दिवसातून चार वेळा. जेवणानंतर तासभर नाही. दर दोन दिवसांनी मिनिट-दोन मिनिटं वाढवत न्या. चौथ्या ते सहाव्या आठवड्यापर्यंत सलग अर्धा तास चालणारे पुष्कळ पेशंट असतात. किती वेगाने, याला घड्याळ नको: चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग बरोबर, दर दोन शब्दांनी दम घ्यावा लागला तर हळू करा. जिन्याचं म्हणाल तर बाबा परवा त्याच जिन्याने वर आलेत ना? बहुतेक ठिकाणी घरी सोडण्याआधी फिजिओथेरपिस्ट जिना चढवून बघतात, तुमच्याकडेही बघितला असेल तर घाबरायचं कारण नाही. कठडा तोलासाठी धरायचा, त्याला धरून अंग वर ओढायचं नाही. मधल्या मजल्यावर एक खुर्ची ठेवून द्या, शेजारी नाही म्हणणार नाहीत. आठवडाभराने दिवसातून एकदा खाली जाऊन येऊ द्या. चार भिंतींच्या बाहेर पडलं की माणसाचा चेहरा बदलतो.

संडासाचं मात्र आजच बघा. उकिडवं बसून उठताना हात टेकणं आणि कुंथणं दोन्ही घातक. भांड्यावर ठेवायची कमोडची खुर्ची मिळते, सर्जिकल दुकानात भाड्यानेही देतात. पोट साफ न होणं ही आठवड्याभरातली सर्वात मोठी तक्रार असते. त्यात वेदनाशामकात ट्रॅमाडॉल असेल तर बद्धकोष्ठ ठरलेलंच. पपई, शिजवलेली पालेभाजी, रात्री इसबगोल, आणि तरीही दोन दिवस झालं नाही तर डॉक्टरांना विचारून सौम्य रेचक. पाणी भरपूर प्या असं सरसकट सांगत नाही, कारण काहींना पाण्यावर मर्यादा घातलेली असते. डिस्चार्ज कार्डावर ते लिहिलेलं असतं, बघा.

आंघोळ. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल आणि जखम कोरडी असेल तर स्टुलावर बसवून कोमट पाण्याने घाला. कडकडीत पाणी नको, चक्कर येते. जखमेवरून साबणाचं पाणी नुसतं वाहू द्या, घासू नका, स्वच्छ पंचाने टिपून घ्या. त्यावर हळद नको, तेल नको, तूप नको, पावडर नको. कुणीतरी आत्या किंवा मावशी हळद-तुपाची वाटी घेऊन येणार हे मी आत्ताच सांगून ठेवते. ती वाटी प्रेमाने स्वयंपाकघरात ठेवून द्या. जखम बघायची म्हणजे रोज एकाच वेळी, उजेडात, आणि छातीइतकीच पायाचीही. हृदयाला जोडायला पायातली शीर काढली असेल तर तो पाय सुजतो, आणि जखम चिघळली तर पुष्कळदा तीच चिघळते. मधुमेह असला तर जास्तच. बसताना तो पाय स्टुलावर, लोंबता नको. घट्ट मोजे दिले असतील तर सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी चढवा, रात्री काढा.

आता मधुमेहाकडे येते, कारण तुम्ही "खेकसतात" लिहिलंय आणि "जेवत नाहीत" हेही लिहिलंय. ही दोन वाक्यं मी एकत्र वाचते. जेवण निम्म्यावर आलं आणि इन्सुलिन किंवा गोळी मात्र पूर्ण चालू राहिली, तर साखर घसरते. साखर घसरलेला माणूस चिडतो, हट्ट करतो, असंबद्ध बोलतो. शिवाय बायपासनंतर नाडी ताब्यात ठेवणाऱ्या ज्या गोळ्या देतात त्यांच्यामुळे धडधड आणि हातांची थरथर झाकली जाऊ शकते. घाम मात्र फुटतो. तेव्हा बाबा घामेजून चिडचिड करत असतील तर आधी ग्लुकोमीटर, मग वाद. ७०च्या खाली आली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी परत तपासा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून डोस विचारा. डोस मनाने बंदही करायचा नाही, कारण साखर चढली तर जखम भरत नाही.

साखर ठीक असूनही चिडचिड असेल तर ती बहुतेक ऑपरेशनचीच. पहिले काही आठवडे झोप मोडते, विचित्र स्वप्नं पडतात, रात्री घाम येतो, पेपर वाचला तरी डोक्यात राहत नाही, मालिका बघताना रडू येतं. आयुष्यात कधी डोळ्यांत पाणी न आणलेले पुरुष रडतात आणि मग त्याची लाज वाटून बायकोवर ओरडतात. हे आईंना नीट समजावून सांगा: हे त्यांच्यावर नाही. महिना-दीड महिन्यात बहुतेकांचं निवळतं. त्यानंतरही उदासी, जेवणावर वासना नाही, "कशाला वाचवलंत" अशी भाषा असेल तर कौन्सेलर किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. असं बोलणं आजच ऐकू आलं, तर महिना संपायची वाट बघू नका. दिवसा झोप अर्धा-पाऊण तासावर येऊ देऊ नका, म्हणजे रात्रीची गाडी हळूहळू रुळावर येईल. झोपताना पाठीखाली उशा लावून थोडं उंच. कुशीवर कधी झोपायचं ते पहिल्या तपासणीत विचारा.

तोंडाची चव गेलेली असते, फोडणीच्या वासानेही मळमळतं. तीन मोठ्या जेवणांऐवजी थोडं थोडं सहा वेळा द्या. आणि हार्टचा पेशंट म्हणून नुसत्या भाताच्या पेजेवर ठेवू नका. हाड आणि जखम भरायला प्रथिनं लागतात: घट्ट वरण, मुगाचं धिरडं, अंडं, दही, पनीर, खात असतील तर मासे. मऊ भात-मेतकूट चाललं तर चालू द्या, वरून चमचाभर तूप पडलं तर आकाश कोसळत नाही. कडक पथ्य पहिल्या महिन्यानंतर आहारतज्ज्ञाशी बोलून ठरवा. मीठ मात्र आजपासून हात राखून. पापड, लोणचं, फरसाण बंद. तंबाखूची पुडी घरात कुठे असेल तर ती काढून टाका, चुन्याच्या डबीसकट. पाहुणे शहाळी आणतील. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. किडनीचा रिपोर्ट वरखाली असेल किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी चालू असेल, तर विचारल्याशिवाय शहाळं नको. अर्जुनाच्या सालीचा काढाही कुणीतरी सुचवेलच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत असले प्रयोग मनाने करू नका.

गोळ्यांत सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो जुन्या डब्यामुळे. ऑपरेशनआधीच्या रक्तदाबाच्या, साखरेच्या पट्ट्या घरात असतात. नव्या कागदावर तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने असतं, आणि पेशंट दोन्ही घेतो. म्हणून आज जुन्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत बांधून कपाटात वर ठेवा, पहिल्या तपासणीला ती पिशवी डॉक्टरांसमोर ठेवा. ॲस्पिरिन आणि सोबतची रक्त पातळ ठेवणारी गोळी सर्जनशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून बंद करायची नाही, अगदी दात काढायचा असला तरी.

रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत वजन करा आणि वहीत लिहा. शेजारी नाडी, रक्तदाब, ताप, साखर. वजन हे सगळ्यात दुर्लक्षिलेलं आणि सगळ्यात कामाचं. दिवसात किलोभराने किंवा आठवड्यात दोन किलोने वाढलं तर ती चरबी नसते, अंगात पाणी साठतंय. त्यासोबत पाय सुजणं, आडवं पडल्यावर दम लागणं असेल तर त्याच दिवशी कळवा. ताप १००.४च्या वर गेला, जखमेतून पू किंवा पाणी आलं, कडा उघडल्या, खोकताना छातीच्या हाडात "कट्ट" आवाज येऊन हाड हलल्यासारखं वाटलं, नाडी अचानक वेडीवाकडी पळायला लागली, तरीही वॉर्डला फोन. वेळ रात्रीची असली तरी. थेट वॉर्डचा नंबर घेऊन भिंतीवर चिकटवा. आणि छातीत पूर्वीसारखी कळ येऊन थांबत नाही, बसल्या जागी दम लागतोय, शुद्ध हरपली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळतंय, एक हात लुळा पडला, तर फोनाफोनी न करता १०८. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे आधी दाखवून येऊ, असं करू नका.

उलट काही गोष्टींनी घाबरू नका. डाव्या बाजूला छाती बधिर वाटते, कारण आतली धमनी तिथून घेतलेली असते. पायाच्या घोट्याजवळही बधिरपणा येतो. जखमेच्या वरच्या टोकाला छोटा उंचवटा, भरताना खाज, खांद्यांत आणि पाठीत दुखणं, हे सगळं चालतं.

पाहुण्यांचं एक साधं तंत्र सांगते. वेळ ठरवा, संध्याकाळी ५ ते ६. त्या वेळी बाबांनी स्वच्छ शर्ट घालून बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसायचं. पलंगावर भेटायला लोक आले की ते पाय दाबत बसतात, उठत नाहीत, आणि बाबाही दिवसेंदिवस पेशंटच राहतात. खुर्चीत बसलेल्या माणसाला लोक दहा मिनिटांत "येतो" म्हणतात. सर्दी-खोकला असलेल्याला दारातूनच नमस्कार. ऑपरेशनची गोष्ट बाबांनी नव्हे, तुमच्यापैकी कुणीतरी सांगायची. तीच गोष्ट पाच वेळा सांगून त्यांना धाप लागते.

आता तुमचा खरा प्रश्न, जावं की राहावं. पहिले दोन आठवडे घरात दुसरं माणूस हवंच, ते तुम्हीच असायला हवं असं नाही. चौदाव्या-पंधराव्या दिवसापर्यंत बाबा स्वतः उठत असतील, संडासला जाऊन येत असतील आणि ताप नसेल, तर निघा. तोवर रजा पुरत नसेल तर बहीण, काका कुणालातरी तेवढे दिवस राहायला बोलवा. नर्सिंग ब्युरोचा ब्रदर, म्हणजे पेशंटची देखभाल करणारा माणूस, ठेवायचाच असेल तर रात्रीचा ठेवा, म्हणजे आई झोपतील. दिवसभराच्या माणसाने बाबांना पुन्हा सगळं हातात मिळायला लागतं. आईंच्या स्वतःच्या गोळ्या चालू आहेत का, हेही विचारा. नवरा आजारी असताना या वयाच्या बायका आपली रक्तदाबाची गोळी सर्रास विसरतात. बाबांच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्यांचाही रक्तदाब लिहायला लावा. पुण्याहून रोज संध्याकाळी फोन कराल तेव्हा "कसं आहे" विचारू नका, "बरं आहे" एवढंच उत्तर येतं. वजन किती, किती मिनिटं चालले, पोट साफ झालं का, हे तीन विचारा, आणि शक्यतो बाबांनाच विचारा.

एक विषय तुम्ही काढणार नाही, म्हणून मीच काढते. नवरा-बायकोचे संबंध पुन्हा कधी, हे कुणी विचारत नाही आणि मग दोघंही मनात भीती धरून बसतात. न थांबता, दम न लागता दोन मजले चढता येऊ लागले की साधारणपणे हरकत नसते. छातीवर भार येणार नाही इतकं बघायचं. ताकदीची म्हणून मिळणारी कुठलीही गोळी मात्र डॉक्टरांना न विचारता नको. छातीतल्या कळेसाठी देतात त्या नायट्रेटच्या गोळीसोबत ती जिवावर बेतते.

पहिल्या तपासणीला तुम्हाला सुट्टी मिळत असेल तर त्या दिवशी या. गाडीत मागच्या सीटवर बसवा, पट्टा लावा, पट्टा आणि छातीच्या मधे तीच छोटी उशी. स्कूटरवर मागे बसवूनसुद्धा नेऊ नका, आपल्याकडचे खड्डे माहीत आहेत. सोबत डिस्चार्ज कार्ड, वही आणि जुन्या गोळ्यांची पिशवी. ऑपरेशन जन आरोग्य योजनेतून झालं असेल तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला पुढच्या औषधांचं काय ते त्याच फेरीत विचारून घ्या. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न आधीच लिहून न्या: कुशीवर कधी झोपायचं, स्कूटर कधी, कामावर कधी, आणि तुमच्या भागात कार्डियाक रिहॅबचा, म्हणजे हृदयाच्या पेशंटसाठीचा देखरेखीखालचा व्यायाम कुठे करून घेतात. हा शेवटचा प्रश्न ते विसरले तरी तुम्ही विसरू नका.